आजेसासऱ्यांची बाटली

"सासरे बाटली घेऊन राहायला आलेत," एवढंच मी ऑफिसात म्हणालो, आणि दुपारपर्यंत तिघांनी माझ्या टेबलाशी येऊन हळू आवाजात माझं सांत्वन केलं. एकाने तर त्याच्या चुलतसासऱ्यांना जिथे गुण आला त्या डॉक्टरांचा नंबरही दिला. मी तो मुकाट्याने घेतला. बाटली पाण्याची आहे, सैनिकाची आहे, महायुद्धातली आहे, असं सांगायला गेलो असतो तर दुखणं फारच पुढे गेलंय असं त्यांना वाटलं असतं.

बाटली पत्र्याची. कमरेला नीट बसावी म्हणून एका अंगाने फुगीर आणि दुसऱ्या अंगाने आत गेलेली. वर खाकी लोकरी कापडाचं बटणांचं जाकीट, खांद्यावर टाकायला पट्टा, तोंडाला बूच आणि बूच हरवू नये म्हणून साखळी. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर सासरे आमच्याकडे आले तेव्हा त्यांची बॅग मी उचलली, काठी बायकोने धरली, पण बाटली त्यांनी कुणाला दिली नाही. आत आल्या आल्या त्यांनी दारामागची खुंटी हेरली, तिच्यावरची माझी छत्री काढून माझ्याच हातात दिली आणि तिथे बाटली लटकवली. त्या दिवसापासून माझी छत्री घरात बेघर आहे.

आता थोडं माझ्याबद्दल. मी विमा कंपनीत दावे तपासतो. काय काय जळलं, वाहून गेलं, चोरीला गेलं ते लोक आम्हाला कळवतात, आणि त्यातलं खरं किती ते शोधायचा मला पगार मिळतो. चोरी झालेल्या कपाटात आदल्याच आठवड्यात एवढे दागिने कुठून आले, पुरात बुडालेला टीव्ही फक्त मागच्या बाजूनेच कसा भिजला, असे प्रश्न दिवसभर विचारणारा माणूस घरी येऊन एकदम भोळा होत नाही. बायको सगळ्यांना सांगते, की पहिल्या भेटीत मी तिच्याकडे वयाचा पुरावा मागितला होता. हे साफ खोटं आहे. आहे का, एवढंच विचारलं होतं.

आणि तिच्या माहेरच्यांवर माझा मुळातच संशय आहे, त्याला तसंच कारण आहे. त्या घरात कुणी अर्धं भरलेलं भांडं राहू देत नाही. अर्धा ग्लास पाणी पिऊन उरलेलं मग पिऊ म्हणून मी टेबलावर ठेवावं, पेपरचं पान उलटावं, की ग्लास रिकामा होऊन ओट्यावर पालथा. फ्रीजमधली बाटली थोडी कमी झाली की कुणीतरी ती काठोकाठ भरणार, त्यामुळे लग्न झाल्यापासून धड गार पाणी माझ्या नशिबी नाही. मेहुणा दोन घटका बसायला आला तरी जाताना फुलदाणी भरून जातो. असं का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं, "आमच्यात असंच करतात." आमच्या ऑफिसात असं उत्तर देणाऱ्याची फाईल आम्ही लगेच बाजूला काढून ठेवतो.

तर एके सकाळी सासऱ्यांनी माझ्यापुढे पेपर धरला. "जावईबापू, हे वाचलंत?"

गावातल्या संग्रहालयात युद्धाचं नवं दालन होणार होतं. नागरिकांनी घरातल्या वस्तू द्याव्यात, ज्याची वस्तू त्याचं नाव पाटीवर लिहिलं जाईल, अशी बातमी होती.

"आमच्या अण्णांची बाटली देऊ या," सासरे म्हणाले. अण्णा म्हणजे त्यांचे वडील, माझे आजेसासरे. "युद्धात त्यांच्या कमरेला होती ती. अण्णांचा एकही फोटो नाही हो आमच्याकडे. मी गेलो की त्यांना पाहिलेला माणूसच उरत नाही. काचेमागे नाव तरी राहील."

बायकोने पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली. "अहो, तुम्ही तेवढं बघा ना."

आमच्या घरातल्या झाडून सगळ्या आपत्तींची सुरुवात या 'तेवढं बघा'ने झालेली आहे. गच्चीवरची टाकी फुटली तीही मी तेवढं बघायला गेल्यावरच.

संग्रहालयातल्या बाई उंच, चष्मा गळ्यात दोरीला, आणि नजर अशी की खिशातला रुमालसुद्धा आपलाच आहे ना अशी शंका यावी. मी बाटली टेबलावर ठेवून आजेसासऱ्यांचा पराक्रम जमेल तसा सांगितला. त्यांनी बाटलीला हातही लावला नाही.

"त्यांचीच कशावरून?"

"सासरे म्हणतात."

"सासरे काहीही म्हणतील."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला माझ्या साहेबांबद्दल जो आदर वाटला नाही तो त्या एका वाक्याने त्या बाईंबद्दल वाटला. वस्तू कुणाची, कुठून कुठे गेली, कुणाच्या हातात किती काळ होती, ही साखळी जुळल्याशिवाय आम्ही पाटी लावत नाही, असं त्यांनी सांगितलं. अण्णा सैन्यात होते याचा पुरावा आणा. आणि तोवर बाटलीला धुवू नका, घासू नका, उसवू नका. मी छाती काढून म्हणालो, "बाई, माझा हा रोजचाच धंदा आहे."

घरी येऊन मी चहाच्या वेळी, सहज विचारल्यासारखं दाखवून, चौकशी सुरू केली.

"बाबा, बाटलीला हा पोचा कसा आला हो?"

"खेचरावरून पडली."

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न फिरवून विचारला, तर म्हणाले, "दगडावर आपटली." अण्णा कुठल्या मुलखात लढले, याचं उत्तर सोमवारी वाळवंट होतं आणि गुरुवारी दलदल. हे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिलं, तेव्हा बिस्कीट चहात बुडवत ते म्हणाले, "युद्ध मोठं होतं, जावईबापू." माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. खरं सांगायचं तर तिथे ती कायमचीच राहायला आहे.

खालच्या मजल्यावर मेजर राहतात. ते पोस्टात होते, मेजर हे नाव मिशांवरून पडलेलं. बाटलीची कुणकुण लागताच ते वर आले, आणि त्यांच्या मागोमाग समोरच्या काकूही. काकूंचा सल्ला तयारच होता. "लिंबू आणि मीठ लावा. काहीही असलं तरी जातं." काय घालवायचंय हे त्यांनी विचारलं नाही. मेजरांनी बूच काढून आत नाक घातलं. खऱ्या बाटलीला दारूगोळ्याचा वास येतो म्हणे. आत नुसतं पाणी होतं, तेही गळ्यापर्यंत. त्यांनी ते कुंडीत ओतलं, पुन्हा हुंगलं आणि निकाल दिला, "नळाचा वास येतोय. संशयास्पद."

"मेजर, बाईंनी सांगितलंय, उसवायचं नाही," मी म्हणालो.

"उसवायचं कुठे आहे? बटणं काढू. अस्सल असेल तर जाकिटाच्या आत पत्र्यावर साल ठोकलेलं सापडेल."

बटणं गंजून बसली होती. मेजरांनी कात्री मागितली आणि काकूंनी ती दिली. माझ्या घरात, माझ्या देखत, माझ्या हातात धरलेल्या बाटलीची शिवण चराचरा उसवली गेली आणि मी नुसता "हळू, हळू" म्हणत राहिलो. जाकीट निघालं. पत्र्यावर साल होतं. ते युद्ध संपून गेल्यानंतरचं होतं.

मेजरांनी बोटांवर हिशेब केला, मिशीला पीळ दिला. "काही ठिकाणी बातमी उशिरा पोचते," ते म्हणाले. "मी पोस्टात होतो, मला माहीत आहे."

एरवी ऑफिसात दावा खोटा ठरला की मी स्वतःच्या खिशातून सगळ्यांना चहा पाजतो. त्या दिवशी मी माझ्यापुरताही चहा केला नाही. बेडरूमचं दार लावून मी सुईदोऱ्याने जाकीट पुन्हा शिवलं. त्या कामात माझं बोट चार ठिकाणी उसवलं आणि शेवटी लक्षात आलं, की बटणं मागे गेली आहेत. तशीच खुंटीवर टांगली. संध्याकाळी सासरे बाटलीसमोर बराच वेळ उभे होते.

"हिचं जाकीट कुणीतरी उलटं घातलंय," ते म्हणाले.

"मेजरांनी," मी म्हणालो.

त्यांनी बाटली फिरवून बटणांची बाजू भिंतीकडे केली, आणि जेवताना माझ्याकडे बघायचं टाळलं. मीही त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो, त्यामुळे दोघांनी मिळून सगळं जेवणभर मिठाच्या बरणीकडे पाहिलं.

संशयाचं एक वाईट आहे, तो एका जागी थांबत नाही. बाटली युद्धातली नाही, तर अण्णा तरी युद्धात होते का? की तेही जुन्या बाजारातून आणलेले? हे एकदाचं ठरवून टाकावं म्हणून मी रजा टाकली आणि घरात काही न सांगता बाटली घेऊन सैनिकांच्या पेन्शनीच्या कार्यालयात गेलो. बाटली खांद्याला चांगलीच ओढत होती. खोटी असली तरी वजनदार आहे, एवढाच विचार तेव्हा मनात आला.

तिथे पहिल्या खिडकीने तिसरीकडे पाठवलं, तिसरीने परत पहिलीकडे. पहिल्या खिडकीतले गृहस्थ डबा खात होते. बाकावर बसून झालं, भिंतीवरच्या सूचना पाठ झाल्या, तेव्हा त्यांनी हाक मारली. मी बाटली बाकावर ठेवून धावलो.

"सैनिकाने स्वतः हजर राहायला हवं," ते म्हणाले.

"ते वारले."

"मग तसं त्यांनी कळवायला हवं होतं."

मी गयावया केल्यावर ते आत जाऊन आले. त्या काळातले कागद पुरात गेले होते. असतील तर असतील, नसतील तर नसतील, आता सांगता येत नाही. पुरात गेले असं म्हणणाऱ्या किती जणांना मी आजवर वाटेला लावलं असेल! आज मीच खिडकीच्या या बाजूला उभा होतो आणि माझ्या तोंडून "अहो, असं कसं?" याखेरीज शब्द फुटत नव्हता.

तेवढ्यात शिट्ट्या वाजल्या. "बाहेर, सगळे बाहेर! संशयास्पद वस्तू!" धावपळ उडाली. मी नियम पाळणारा माणूस, लगेच बाहेर पडलो आणि फाटकाबाहेरच्या गर्दीत चांगली पुढची जागा धरली. कुणी म्हणे गोल वस्तू आहे, कुणी म्हणे कापडात गुंडाळलेली. पहारेकऱ्याने काठीने ढोसून पाहिली म्हणे, पण आतून जराही आवाज येत नाही, म्हणजे काहीतरी ठासून भरलेलं असणार.

"असल्या माणसांना भर चौकात उभं केलं पाहिजे," मी शेजारच्या बाईंना म्हणालो.

"हो ना," त्या म्हणाल्या. "पट्टा आहे म्हणे तिला. आणि बटणं उलट्या बाजूला."

काही क्षण मी त्या बाईंकडे हसून बघत राहिलो. मग हात वर केला. ज्या गर्दीने आत्तापर्यंत माझ्या मताला माना डोलावल्या होत्या ती सगळी एका दमात दोन पावलं मागे सरली.

सुरक्षा अधिकाऱ्यांच्या खोलीत मला स्टुलावर बसवलं आणि बाटलीला खुर्ची दिली.

"ही तुमची?"

"आजेसासऱ्यांची."

"पुरावा?"

"सासरे म्हणतात," मी म्हणालो, आणि माझ्याच कानांना ते कसंतरीच लागलं.

अधिकारी शांतपणे मागे टेकले. "हे बघा. युद्धातली असेल तर ती सैन्याची, म्हणजे सरकारची. परत का केली नाही? मग ती जप्त होईल, आणि तुम्ही इथे जबाब देत बसाल. बाजारातली असली तर उचला आणि चालू पडा. बोला, कुठली आहे?"

माझ्या एका शब्दात सुटका होती. जाकिटाखाली साल होतं, पुरावा होता, असा बिनतोड पुरावा मला नोकरीत कधी मिळाला नव्हता. सारी हयात लोकांना खोटं पाडण्यात घालवलेला मी, पण म्हाताऱ्याला परक्या खोलीत खोटं पाडायला जीभच रेटेना. शेवटी म्हणालो, "मला माहीत नाही. घरी विचारा."

सासरे रिक्षातून आले, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून, एकेक पायरी चढत. दारातून त्यांनी आधी खुर्चीवरची बाटली पाहिली, मग स्टुलावरच्या मला पाहिलं. अधिकाऱ्यांनी बूच काढायला सांगितलं. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती.

"मेजरांनी ओतलं होतं ना पाणी!" मी म्हणालो.

"मी भरली पुन्हा," बायको म्हणाली. "रिकामी टांगलेली बरी नाही दिसत."

अधिकाऱ्यांनी तोच प्रश्न सासऱ्यांना विचारला. जप्ती, जबाब, सगळं पुन्हा समजावून सांगितलं. सासरे काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

"बाजारातली आहे," ते म्हणाले. "मीच घेतली होती. जावयांना सोडा."

परत येताना रिक्षात बायको एका बाजूला बसून बाहेर बघत होती, मी दुसऱ्या बाजूला, मध्ये सासरे आणि त्यांच्या मांडीवर बाटली. ते आपण होऊनच बोलायला लागले.

"घर बदलताना आईने अण्णांची बाटली भंगारात दिली. तिला काय माहीत? अण्णा काही बोलले नाहीत. पण रोज बाहेर पडताना दारामागे हात जायचा त्यांचा, रिकाम्या खुंटीकडे. मला बघवेना. नोकरी लागली तसा जुन्या बाजारात गेलो, तिच्यासारखी शोधून आणली आणि टांगली. अण्णांनी ती हातात घेतली. वजनावरूनच त्यांना कळलं, त्यांची नाही. माझ्याकडे पाहिलं, नळावर गेले, काठोकाठ भरली आणि खुंटीला लावली. मरेपर्यंत वापरली. त्यांना माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे मलाही माहीत होतं. बोललो नाही दोघंही."

"मग युद्धातली म्हणून का सांगितलंत, बाबा?" बायकोने विचारलं.

"पाटीवर नाव यायला बाटली खरी लागते ना, पोरी."

मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. आणि तरीही, सांगायला लाज वाटते, माझ्या मनात एका कोपऱ्यात प्रश्न होताच, की गोष्ट छान आहे, पण अण्णा युद्धात होते याला पुरावा काय? सासऱ्यांनी तो माझ्या चेहऱ्यावर वाचला असावा. "माझ्याकडे काही नाही, जावईबापू," ते म्हणाले. "संग्रहालयाला नको म्हणून सांगा."

दुसऱ्या दिवशी संग्रहालयात जाऊन मी बाईंपुढे बाटली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. उसवल्याचंही. त्यांनी जाकिटाच्या बटणांकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मग बाटली उचलली, हलवली.

"ही भरून का आणलीत?"

तिथे माझा तोल गेला. कालपासूनचा सगळा पाणउतारा त्या एका प्रश्नावर बाहेर पडला. "मी नाही भरली! आमच्याकडे कुणाला अर्धं काही बघवतच नाही! रात्री उशाशी ठेवलेला ग्लाससुद्धा ओतून टाकतात. एक तर पूर्ण भरा, नाहीतर पूर्ण संपवा. सासरे तसे, बायको तशी, मेहुणा तर फुलदाणी..."

"थांबा," बाई म्हणाल्या. चष्मा डोळ्यांवर गेला. "हे त्यांना कुणी शिकवलं?"

"अण्णांनी असणार. आमच्यात असंच करतात, एवढंच सांगतात."

त्यांनी बाटलीतलं निम्मं पाणी मागच्या बेसिनमध्ये ओतलं, बूच लावलं आणि बाटली कमरेशी धरून खोलीत चार पावलं चालल्या. डुबुक डुबुक असा आवाज झाला. त्या खोलीत तो केवढा तरी मोठा वाटला.

"अंधारात शत्रूच्या जवळून चालत जायचं असलं," त्या म्हणाल्या, "तर अर्धी बाटली जीव घेते. निघताना काठोकाठ भरायची. वाटेत कुणी बूच उघडलं तर सगळ्यांमध्ये फिरवून तिथेच संपवायची. मी बऱ्याच म्हाताऱ्या सैनिकांशी बोलले आहे. काही जण घरी परतल्यावरही अर्धा पेला समोर ठेवू शकत नसत."

मला ओट्यावरचे सगळे पालथे ग्लास आठवले.

"म्हणजे हा पुरावा झाला?" मी विचारलं.

"तुम्ही दावे तपासता, तुम्हीच सांगा."

मी माझ्या परीने खूप प्रयत्न केला. सवय दुसऱ्या कुणाकडून लागली असेल, ऐकीव असेल. पण मुलगा, नात, नातू, सगळे तेच करतात आणि का करतात ते एकालाही माहीत नाही. खोटं बोलणाऱ्याला कारण आधी सुचतं. विनाकारण खोटं बोलणारं अख्खं कुटुंब मी अजून पाहिलेलं नाही.

"बाटली मात्र नंतरचीच आहे," मी म्हणालो.

"ती घरी घेऊन जा." बाईंनी कपाट उघडलं आणि आतून एक बाटली काढली. तशीच, पण जाकीट झिजून जाळीदार झालेलं. "ही नक्की युद्धातली. तपासून झाली आहे. पण कुणाची होती ते कधीच कळणार नाही. इतकी वर्षं पाटीवर काय लिहू हाच मला प्रश्न होता."

नवं दालन उघडलं त्या दिवशी आम्ही सगळे गेलो. मेजर कोटावर कुठलंसं पदक लावून आले होते, ते बहुधा पोस्टातल्या धावण्याच्या शर्यतीचं असावं. काचेमागे ती झिजलेली बाटली होती. पाटीवर सुरुवातीलाच स्पष्ट लिहिलं होतं, की बाटली कुणाची ते माहीत नाही. खाली अर्ध्या बाटलीच्या आवाजाबद्दल लिहिलं होतं, आणि ही रीत ज्यांच्या घरात अजून पाळली जाते त्या शिपायाचं, अण्णांचं, संपूर्ण नाव. सासऱ्यांनी ते वाचलं, काचेवर बोट टेकवून पुन्हा वाचलं. बायको रडत होती आणि मला माझा रुमाल सापडत नव्हता.

बऱ्याच वेळाने सासरे बाईंकडे वळले. "भरलेली आहे का ती?"

"नाही हो. पूर्ण रिकामी आहे."

"मग ठीक," ते म्हणाले आणि काठी टेकत पुढच्या कपाटाकडे गेले.

घरी आल्यावर सगळे आत गेले आणि मी छत्री कुठे ठेवावी म्हणून दारामागे उभा राहिलो. खुंटीवर बाटली होती, बटणं अजून उलट्याच बाजूला. कुणी बघत नाही अशी खात्री करून मी ती काढली, कानाशी धरली आणि हलवली. तपासून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही, त्याला इलाज नाही. आत किंचित, अगदी किंचित आवाज झाला.

मी छत्री खाली ठेवली आणि बाटली घेऊन नळाकडे गेलो.